दुसरा कॅन

विद्यापीठामागच्या आमच्या गल्लीत पाण्याचे कॅन टाकणाऱ्याला कोणाचंही नाव ठाऊक नाही, पण कुठल्या घरात किती माणसं उरलीत, ते मात्र पक्कं ठाऊक असतं. कॅन खांद्यावरून उतरवताना तो घरात डोकावत नाही, दाराशी काढलेल्या चपलांवरून नजर फिरवतो.

समोरच्या मास्तरांकडे दोन कॅनचा एक झाला आणि आठवड्याच्या आत बिल्डरचा माणूस त्यांच्या ओट्यावर येऊन बसला. आता तिथे पाच मजली हॉस्टेल आहे. त्या जिन्यावरून हाच रोज तीस कॅन चढवतो.

मुलगा-सून शहराच्या दुसऱ्या टोकाला, गच्चीबावलीला राहायला गेले, तेव्हा मीही एकच कॅन मागितला.

"एकीच? सब खैरियत ना, अम्मा?" त्यानं अगदी मायेनं विचारलं.

चौथ्या दिवशी तोच बिल्डरचा माणूस माझ्या फाटकाशी उभा.

तेव्हापासून मी पुन्हा दोन कॅन घेते. दुसरा अंगणातल्या कढीपत्त्याला ओतते. मुलाच्या जुन्या चपलाही दारात मांडून ठेवल्यात.

काल रिकामे कॅन उचलताना तो कढीपत्त्याकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, "झाड बहोत पानी पीरा, अम्मा."