गल्लीतलं दार

मेन रोडजवळचं ते जुनं थिएटर पाडायला निघाले, तेव्हा आर्किटेक्ट म्हणून मी मध्ये पडलो. मूळचं ते नाटकगृह, सिनेमा नंतर आला. बिल्डरशी मी भांड भांड भांडलो. शेवटी ठरलं, दर्शनी भाग राहील, मागे दुकानं आणि पार्किंग होईल. राखायचं ते नकाशावर मीच हिरवं केलं: दगडी कमानी, गोल सज्जा, रंगीत फरशीचा हॉल. उरलेलं लाल. गल्लीकडचा एक अरुंद जिना कुठल्याच शैलीत बसेना. तो लाल करताना मी क्षणभरही थांबलो नाही.

परवा उद्घाटन झालं. शाल-श्रीफळ घेताना माझी मान चांगली ताठ होती. आईला मुद्दाम नेलं होतं, कारण लग्न होऊन नाशकात आल्यावर तिचे सगळे सिनेमे तिथेच झाले. ती कमानींखाली उभी राहून इकडेतिकडे बघत राहिली.

"हे कुठलं रे थेटर?"

"आई, तुझंच! चष्मा घातलायस ना?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

"छे. आमचं गल्लीत होतं."

आणि ती गल्लीकडे निघालीसुद्धा. मी शाल सावरत मागे. तेव्हा बायकांना पुढून सोडत नसत. गल्लीतलं दार, अंगावर येणारा जिना, वर जाळीमागे बाकं आणि जाळीला पडदा. दिवे गेले की पडदा सरकायचा, मध्यंतराआधी परत ओढला जायचा. पोर रडलं की जिन्यावर घेऊन बसायचं. मीसुद्धा म्हणे तिथे रडलोय. घरात सासूसमोर हसायची चोरी, म्हणून आई आणि शेजारणी त्या जिन्यावर पोट दुखेपर्यंत हसून घ्यायच्या. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. जिन्याची मापं घेताना मात्र त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मला इतकी लाज वाटली, की शाल काढून हातात घेतली.

दाराच्या जागी गाड्या उतरायचा रॅम्प होता. आई भिंतीला हात लावून उभी राहिली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "असू दे. चल, तू केलेलं बघू."

परत आलो. मोठ्या दाराशी तिनं पदर सारखा केला, पायरीवर थबकली आणि हळूच विचारलं, "बायकांना सोडतात ना रे इथून?"