पाच पाट्या आणि एकही बांध नाही

आणि वर आम्हीच गप्प बसायचं! माझा शेडनेटच्या अनुदानाचा अर्ज परत आला. कारण काय, तर सातबारा दिरांसोबत सामायिक, त्यांची सही आणा. दीर फोनसुद्धा उचलत नाहीत. दीड एकर वीस वर्षं मी एकटी कसते, वांगी-मिरचीची रोपं करून गावाला पुरवते, पण दिरांच्या सहीशिवाय कागदावर मी कुणीच नाही. कृषी खात्याच्या ज्या साहेबांनी अर्ज परत धाडला, त्यांनीच मग आमच्या बायकांच्या गटाला निरोप दिला की चला, अल्पभूधारकांनी कसा विकास केलाय ते दाखवतो.

गेले. शेडनेट मिळालं तरी कुणाला, ते बघायचंच होतं.

लोणी भापकरहून सकाळी सातला गाडी निघाली. आम्ही दहाजणी आणि साहेब. बारामती सोडली की दोन्ही अंगांना ऊसच ऊस, बघून बघून झोप येते. तुम्ही जाणार असाल तर पुढच्या सीटवर बसू नका, ऊन सरळ तोंडावर येतं. इंदापूरला मिसळ खाल्ली. रस्सा पाणचट, पाव कालचा. घरून भाकरी न्या.

गाडीत साहेबांचं चालूच होतं, "छोटा शेतकरी हा ग्रामीण विकासाचा कणा आहे."

शेजारची पारूबाई म्हणाली, "मग त्यो रोज वाकवताय कशापायी?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

बावड्याच्या अलीकडं उतरलो. ओळीनं पाच शेडनेट. प्रत्येकापुढं पाटी, पाटीवर वेगळं नाव, खाली 'अल्पभूधारक शेतकरी'. पहिल्या पाटीपासून पाचवीपर्यंत चालत गेले, पण पायाला बांध म्हणून लागला नाही. आमच्याकडं दोन भावांत बांध असतो आणि त्या बांधावरून वर्षाला दोन भांडणं. इथं पाच शेतकरी, विहीर एक, मोटर एक, भांडण शून्य!

तिथले साठीचे तात्या शेत दाखवत होते. मी विचारलं, "तात्या, बांध कुठं हाय?"

"बांध कशाला? घरचीच हायत समदी."

त्यांची सून चहा घेऊन आली. तिसऱ्या पाटीवर तिचंच नाव. मी तिला विचारलं, "ह्यातलं तुमचं कंचं वो?"

"मला न्हाय ठावं," ती हसली. "मामंजींनी सही कर म्हणलं, मी केली."

साहेबांना एकदम फोटोची घाई झाली. पारूबाई म्हणाली, "काढा की. पर पाची शेतकरी हुबं करा."

तात्या म्हणाले, "दोघं पुण्याला नोकरीला हायत."

शेत झकास होतं, खोटं कशाला बोलू? रोपं तर हेवा वाटावा अशी. पण ती ट्रक भरून लांब जातात, आणि राबायला बाहेरची टोळी. माझी रोपं आमच्याच वाडीत लागतात, लावायला गावातल्याच तिघी येतात, त्यांच्या घरात त्यावर चूल पेटते. साहेबांच्या भाषणातला विकास ह्याहून निराळा असेल तर तो मला नको.

घरी येऊन दोन दिवस झाले, ती हसणारी सून काही डोळ्यासमोरून हलत नाही. तिला शेत ठाऊक नाही आणि ती शेतकरी. मला प्रत्येक सरी ठाऊक आणि मी कुणीच नाही.

साहेब, हे तुमच्या फोनवरही पाठवलंय. एका घरातले पाच अर्ज चालले, मग स्वतः कसणारीचा एक का चालत नाही? मिरचीचं बी आणून ठेवलंय, ते तुमच्या सहीसाठी थांबणार नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या, आणि लेखी द्या.