माझ्या पाळीतली चार मिनिटं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही — आणि यांना मी डॉक्टरांनी बंद केलेली जिलेबी चोरून खाल्ली तरी संध्याकाळपर्यंत सांगून टाकते. मुलीला नाही, नोकरीतल्या एकाही मैत्रिणीला नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही समोर बसलेले नाही आहात म्हणून असेल. समोरच्या माणसाचा चेहरा बदलताना बघायची माझी कधीच तयारी नव्हती. पुढे जे सांगणार आहे त्याचं मूळही तेच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे उगाच तुमचा गैरसमज नको. मी सुखात आहे. वर्तकनगरला आमची वसाहत आहे, सकाळी उपवनच्या तळ्याला एक चक्कर होते, गॅलरीत कढीपत्ता माझ्या खांद्याएवढा वाढलाय. रविवारी मुलीकडे, डोंबिवलीला कोपरला जातो. नात मला शब्दकोडं सोडवायला बसवते आणि हरले की चिडवते. झोप उत्तम लागते. अपराधाच्या भावनेनं तळमळणारी माणसं मी वाचली आहेत. मी तळमळले नाही. वाईट वाटलं का? वाटलं. पण जेवण गेलं नाही कधी.

मी विधिमंडळाच्या समित्यांमध्ये प्रतिवेदक होते. म्हणजे समितीपुढे जो जो जे जे बोलेल ते शब्दन् शब्द लघुलिपीत टिपायचं आणि नंतर नीट लिहून काढायचं. सरकारनं कुणाशी काय करार केला, त्यातल्या अटी पाळल्या का, हे आमदारांच्या समित्या अधिकाऱ्यांना बोलावून विचारतात. ते विचारणं आणि ते उत्तर देणं — दोन्ही शेवटी आमच्या वहीत उरतं. माझ्या वहीला फार मान होता. कोण काय म्हणालं यावर वाद झाला की अध्यक्ष म्हणायचे, बाईंची वही बघा. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे.

आमच्या कामाची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सतत लिहून हात बधिर होतो, म्हणून दोघं प्रतिवेदक आळीपाळीनं लिहितात — दहा मिनिटं एक, दहा मिनिटं दुसरा. पाळी संपायच्या मिनिटभर आधी दुसऱ्यानं शेजारी येऊन बसायचं आणि लिहायला सुरुवात करायची. म्हणजे मिनिटभर दोघंही लिहितात आणि सांधा चुकत नाही. पहिल्यानं मान वर करून दुसरा आलाय ना, एवढं बघायचं आणि मग उठायचं. साधी गोष्ट. इतक्या वर्षांत कधी चुकली नव्हती.

त्या दिवशी समिती ठाण्यात दौऱ्यावर होती. कल्याणपलीकडच्या एका गावाचा डोंगर सरकारनं करार करून एका खडीच्या कंपनीला दिला होता. करारात एक अट होती — गावाच्या विहिरीच्या अंगाचा उतार फोडायचा नाही. सगळ्या गावाचं पाणी त्या उतारातून विहिरीत उतरायचं. मुदत संपल्यावर कराराचं नूतनीकरण झालं होतं. ती अट नव्या करारात आहे की नाही, एवढाच खरा प्रश्न होता. खात्याच्या लेखी उत्तरात होतं, अट पूर्ववत कायम आहे.

तो प्रश्न विचारणारे आमदार त्याच भागातले होते. नाव सांगत नाही. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. आगरी माणूस, धोतर-टोपी, शाळा फारशी नाही, पण कागद हातात घेतला की शेवटच्या ओळीपर्यंत सोडायचे नाहीत. लेखी उत्तरावर त्यांचा विश्वास नव्हता. अधिकाऱ्याला समोर बसवून तोंडानं विचारायचं, असा त्यांचा हट्ट होता. सकाळपासून भेटेल त्याला ते हा प्रश्न ऐकवत होते. मलाही चहाच्या वेळी ऐकवला.

बैठक विश्रामगृहात होती. मुंबईसारखं ध्वनिमुद्रण तिथं नव्हतं. फक्त आम्ही दोघं — मी आणि माझे सहकारी पेडणेकर. आणि आत स्वयंपाकघरात कोलशेतची एक कोळीण होती. तिनं त्या दिवशी निवट्या आणल्या होत्या, खाडीच्या चिखलातली छोटी मासळी.

आता तुम्ही हसाल. हसा. दौऱ्यावर आमदार जेवतात, मग अधिकारी, मग आम्ही, आणि आमच्यापर्यंत पातेल्यात नुसता रस्सा पोहोचतो. हे सगळ्या कर्मचाऱ्यांना माहीत असतं. म्हणून जो तो आपल्यापुरती सोय लावतो. पेडणेकरांची पाळी सुरू झाली तशी मी उठले. माझी वही उघडी, त्यावर चष्म्याचं घर — म्हणजे बाई आहेत, इथंच आहेत, असं वाटावं. ही युक्ती आम्ही सगळेच करायचो. आत जाऊन फक्त सांगणार होते, माझं ताट बाजूला ठेव म्हणून. पण तिनं पाट सरकवला आणि वाटी पुढ्यात ठेवली. तिखट, कोकम घातलेलं कालवण. निवटीचा काटा जपून काढावा लागतो, घाईनं खायची ती गोष्टच नाही. मी जपून खाल्ली.

पेडणेकरांना मधुमेह होता. दहा मिनिटं झाली, उघडी वही दिसली, आणि ते मान वर न करता उठून थेट मोरीकडे गेले. त्यांना मी दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

मी दाराशी पोहोचले तेव्हा अधिकारी बोलत होते. "नूतनीकरणाच्या वेळी वगळण्यात आली, साहेब," एवढंच कानावर आलं. अध्यक्ष फोनवर होते. दोन सदस्य डोंगर जेवणाआधी बघायचा की नंतर, यावर खल करत होते. तात्या मात्र टेबलावर दोन्ही हात ठेवून अधिकाऱ्याकडे बघत होते. मग अध्यक्षांनी फोन ठेवला आणि म्हणाले, चला, पुढचा मुद्दा. मी बसले आणि पुढचा मुद्दा लिहायला लागले. घड्याळ पाहिलं. चार मिनिटं गेली होती. बोटांना हळदीचा वास येत होता.

चार मिनिटं म्हणजे दीड पान. कार्यालयात परतल्यावर ते दीड पान मला भरायचं होतं. काय करायला हवं होतं? पेडणेकरांना सांगायचं, तात्यांना विचारायचं, अध्यक्षांना कळवायचं की एवढा भाग टिपला गेला नाही. अगदी सरळ उपाय होता. फक्त त्यासाठी म्हणावं लागलं असतं — मी जागेवर नव्हते, आत जेवत होते. ज्या बाईंची वही बघतात त्या बाई.

मी खात्याचं लेखी उत्तर समोर ओढलं. आकडे, गावांची नावं आम्ही त्यावरून नेहमीच पडताळून घेत असू, त्यात काही गैर नव्हतं. मी तात्यांचा प्रश्न लिहिला, तो मला पाठच होता. खाली अधिकाऱ्याच्या तोंडी लेखी उत्तरातलं वाक्य घातलं. 'सदर अट नूतनीकृत करारात पूर्ववत कायम ठेवण्यात आलेली आहे.' दीड पान भरलं. दिसायला अगदी नीटनेटकं होतं.

बरीच वर्षं मी स्वतःला असं सांगत आले की 'वगळण्यात आली' म्हणजे काय वगळलं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वाक्याचं शेपूट तेवढं ऐकलं होतं, ते कशाचंही असू शकतं — नाही का? नाही. ते वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. मला अंदाज आला होता. मी पुढे लिहिलं.

मसुदा तपासायला खात्याकडे गेला. त्या अधिकाऱ्यांनी एक स्वल्पविरामही न बदलता परत पाठवला. का बदलतील?

मग तात्या आले. आमच्या खोलीत आमदार सहसा येत नाहीत, बोलावून घेतात. ते आले, माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसले, मसुद्याचं ते पान काढलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाय, मना तं त्यानं अट वगलली असाच सांगला. तू व्हतीस ना तवा?"

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. खरंच विचारत होते. सगळ्या जगात या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल अशी एकच बाई, असं समजून आले होते.

मी म्हटलं, "हो, तात्या. होते. वहीत आहे तेच बोलले ते."

हा माझा गुन्हा. निवट्या नव्हेत, दीड पानही नव्हे. चुका होतात. पण हे वाक्य मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं. आवाज जराही हलला नाही. उलट त्यात थोडी अढी होती, माझ्या कामावर शंका घेतल्याची.

त्यांनी पान घडी करून खिशात ठेवलं. पुढच्या बैठकीत अहवाल संमत व्हायचा होता, तिथं मात्र त्यांनी एकदा हात वर केला आणि म्हणाले, मना वेगला आठवतंय. अध्यक्ष म्हणाले, बाई, वाचा. मी ते दीड पान मोठ्यानं वाचलं. माझं वाचन चांगलं होतं, सगळे म्हणायचे. तात्या खाली बसत म्हणाले, "मंग माजाच कान गेला असंल." सगळे हसले. मीही हसले. ती अट कायम असल्याबद्दल समितीनं समाधान नोंदवलं आणि विषय संपला.

कंपनीनं विहिरीच्या अंगाचा उतार फोडला. बेकायदा नव्हतंच काही, नव्या करारात अट नव्हतीच. समितीचं समाधान छापून आलेलं असल्यामुळे पुन्हा विचारायला कुणी तयार होईना. दोन उन्हाळ्यांत विहिरीचं पाणी तळाला गेलं. हे मी तात्यांकडूनच ऐकलं, आमच्या मजल्याच्या जिन्यात. ते कुणावर चिडले नव्हते. फक्त आता समोरचा बोलायला लागला की ते मान जरा तिरकी करून एक कान पुढे करायचे. शेजारच्याला विचारून खात्री करून घ्यायचे. प्रश्न कमी झाले. पुढची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही. म्हणाले, ज्याला आयकू येत नाय त्यानं तिथं बसून काय करायचा?

माझ्या निरोप समारंभात एका सदस्यांनी भाषण केलं. बाईंच्या वहीत नाही ते बोललंच गेलं नाही, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. मला शाल मिळाली, ती चांगली उबदार आहे, मी वापरते.

एवढ्यावर हे संपलं असतं तर कदाचित मी लिहिलंही नसतं. पण गेल्या दिवाळीनंतर यांच्या एका कानात दडे बसल्यासारखं झालं, म्हणून मुलीनं डोंबिवलीतल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे नाव घातलं. बाहेरच्या बाकावर तात्या बसलेले होते. सून बरोबर होती. खूप म्हातारे झालेत, पण मला लगेच ओळखलं. हात धरून शेजारी बसवलं, मुलं काय करतात विचारलं, यांच्याशी हात मिळवला. दोन्ही कानांत मशीन होतं.

सून हसत सांगायला लागली. डॉक्टर दर वेळी तपासतात आणि दर वेळी तेच म्हणतात — वयाच्या मानानं कान उत्तम आहेत, मशीनची गरज नाही, आणि अगदी पहिल्यांदा दाखवलं तेव्हाही नव्हती. पण तात्या ऐकतच नाहीत. काढ म्हटलं की रागावतात. आमदार असताना कसं चुकीचं ऐकलं होतं, ते सगळ्यांना सांगतात.

तात्यांनी तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हीच ती बाय. हिनं खरा सांगला म्हनून कलला मना. नायतं मी उगाच त्या साहेबाशी भांडत बसलो असतो."

बाकावर आम्ही चौघं होतो. डॉक्टरांनी अजून कुणाला आत बोलावलं नव्हतं. वेळ भरपूर होता. हे माझ्याकडे कौतुकानं बघत होते.

मी तात्यांच्या कानाकडे जरा वाकून पाहिलं आणि म्हटलं, "मशीन छान आहे हो. घातलंय हे कळतसुद्धा नाही."

ते खूश झाले. मग यांचं नाव पुकारलं आणि मी आत गेले.