एएम रेडिओवर 'येस' म्हणून बसलो

मंडळी, आज दुपारी आपल्या स्टेट कॉलेज गावातल्या जोशीकाकांना त्यांच्याच जुन्या गाडीतून डॉक्टरकडे नेत होतो. काका रिटायर्ड इंजिनिअर. गाडीत एएम रेडिओ कायम चालू.

"काका, बंद करू? नुसता आरडाओरडा आणि गोळ्यांच्या जाहिराती!"

"थांब रे, आता आपल्या गावचा शो आहे. पूर्वी रस्ते, शाळा, कुत्री, सगळ्यावर लोक भांडायचे. फोन लागायचा नाही."

आज होस्ट नंबर सांगून दमला, पण कुणीच फोन करेना. बिचाऱ्याने हवामान पुन्हा वाचलं.

काकांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. आवाज घुमू नये म्हणून सवयीने आधी रेडिओ बंद केला, मग स्पीकरवर फोन लावला. विचारलं काय, तर टोमॅटो कधी लावायचे! काकांचे लावून झालेत.

होस्ट एकदम खुलला. मग काका म्हणाले, "माझ्या शेजारी एक यंग लिसनर बसलाय."

होस्टने थेट मलाच विचारलं, "खरंच? उद्या पण ऐकशील?"

मी "येस" म्हणून बसलो.

मी बसने फिरणारा स्टुडंट, आणि त्या स्टेशनचं ॲपही नाही. कुणाकडे जुना रेडिओ पडून आहे का? उद्या दुपारच्या आत हवाय.