चांद्याला मारलेली हाक

"बाई गेली," एवढंच बोलून माझ्या नवऱ्याने फोन ठेवला, तेव्हा मी चौथीच्या वर्गात फळ्यावर गणित लिहीत होते. बाई म्हणजे सुमनबाई, माझी थोरली जाऊ. धानाची मळणी आटोपेपर्यंत तिने ताप अंगावर काढला आणि दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. आदल्या रविवारी खाटेपाशी बसले, तर मलाच दटावत होती, "जाय तू शाळेत, मास्तरीन. मी काई मरून नाई राह्यली." बाईचा शब्द एरवी कधी खोटा झाला नव्हता...

नागभीडजवळच्या या गावात मी लग्न होऊन आले ती वरोऱ्याच्या बाजारपेठेतून. बैलाजवळ कुठल्या बाजूने जायचं एवढंही मला कळत नव्हतं, आणि यावरून बाईने मला वर्षभर छळलं. तिचा आवाज असा, की तलावाच्या पाळीवरून हाक मारली की पलीकडच्या धानाच्या बांधीत वाकलेली माणसं ताठ उभी राहायची. संध्याकाळी कोंड्याची टोपली घेऊन ती गोठ्याच्या दारात यायची आणि ओरडायची, "चांद्याऽऽ, ये रे माह्या बापा!" कपाळावर पांढरा ठिपका असलेला हा बैल वासरू असतानाच त्याची माय मेली होती. बाईनेच त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं. तिला मूल नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

बैलांच्या शर्यतीवरची बंदी उठली आणि गावात पुन्हा शंकरपट भरला. मी पहिल्यांदाच पाहणार होते, आणि नवल म्हणजे बाईसुद्धा! पट म्हटला की घरात पाहुण्यांचा राबता, त्यामुळे इतकी वर्षं तिने पट ऐकला तो चुलीपाशी बसून. "माहा जलम वडे तळण्यात गेला वो," ती म्हणाली, तशी मी तिचा हात धरून तिला बाहेर काढलं. मारुतीच्या देवळापासून जोड्यांची मिरवणूक निघाली होती. पाठीवर झुली, शिंगांना रिबिनी, पुढे डफडी आणि सगळ्यांवर गुलाल. चांद्या-सर्ज्याच्या जोडीपुढे माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, नवा फेटा बांधून ऐटीत चालले होते. बाई आपल्या नवऱ्याकडे बघत कुजबुजली, "लग्नातबी इतका सजला नोता हा." आम्ही दोघी पोट धरून हसलो.

दुपारी भासरे स्वतः छकड्यावर बसले. जोड्या सुटल्या आणि आमची जोडी बघता बघता पुढे निघाली. आम्ही शेवटच्या टोकाशी, दोरीला लागून उभ्या होतो. बाईला राहवलं नाही. "चांद्याऽऽ, ये रे माह्या बापा!" चांद्याने मान वळवली आणि सर्ज्याला ओढत थेट आमच्याकडे आला. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. धावपट्टी सोडली म्हणून जोडी बाद झाली, आणि हा लाडोबा बाईच्या पदरात तोंड खुपसून कोंडा शोधत होता. अख्खा पट हसत होता. "तुले हाक काऊन माराले लागते वो!" भासरे छकड्यावरून ओरडले.

मला वाटलं, झालं गेलं. पण त्या दिवसापासून बाई टोपली मुकाट्याने ठेवू लागली. मी गमतीने विचारलं, "आवाज बसला काय वो बाई?" तर म्हणाली, "त्याले माहा आवाज विसरू दे. मंग धावन सरळ." पुन्हा ती पटाला आली नाही. रोज त्याच्या कपाळावरून हात फिरवायची, ओठ हलायचे, पण आवाज नाही. मला याचा फार राग यायचा. चांद्या कान टवकारून हाकेची वाट पाहायचा, आणि पुढच्या प्रत्येक पटात शेवटच्या टोकाशी आला की त्याची मान आमच्या त्या जागेकडे वळायचीच. तेवढ्यात दुसरी जोडी पुढे जायची.

यंदा बाई जाऊन काही आठवडेच झाले होते. भासऱ्यांना जोडी काढायचीच नव्हती, गावाने आग्रह केला म्हणून काढली. मी एकटीच जाऊन दोरीपाशी उभी राहिले. चांद्या आला... आणि समोरून निघून गेला. मान जरासुद्धा वळली नाही. पहिला नंबर आला, डफडी वाजली, गुलाल उधळला. मला मात्र रडू आवरेना. एवढं सरळ धावायला नको होतं त्याने.

आमच्याकडे भासरे धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलत नाहीत. इतक्या वर्षांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. गर्दी पांगल्यावर ते दोरीपाशी आले. मी डोक्यावर पदर घेतला.

"सरळ गेला वो," ते म्हणाले. "इकडं पाह्यलंबी नाई त्यानं."

मग ते जायला निघाले आणि दोन पावलांवरून परत फिरले.

"तुले येते काय वो... तिच्यासारखी हाक माराले?"

मला येत नव्हती.