समोर बसवून काढलेलं पहिलं चित्र

सत्तरचं दशक संपता संपता माझी बदली निपाणीला झाली. आठवडाभर कचेरीत कारकुनी आणि रविवारी चित्रं काढायची, असा माझा क्रम होता. चित्रं म्हणजे माणसांचे चेहरे, तेही फोटो बघून. वडगावला आमच्या घरी माग होते, त्यामुळे रंगांची ओळख सुतातून झाली. चित्रकला मात्र कुणी शिकवली नव्हती. जिवंत माणूस समोर बसवायचं धाडस मला कधी झालं नव्हतं.

शेजारच्या टेबलावरचे सहकारी एकदा म्हणाले, "आमच्या आईचं चित्र काढशीला काय? तिचा एक बी फोटो न्हाय. तंबाखूच्या वखारीत जन्म गेला तिचा."

त्यांच्या घरात शिकून नोकरीला लागलेले ते पहिलेच. मला नाही म्हणवेना.

रविवारी गेलो. बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्चीवर त्यांच्या आई, घरच्या आजी, नवं लुगडं नेसून ताठ बसल्या होत्या. हात पदराखाली. मी घाबरतच काढायला लागलो आणि स्टुडिओवाले करतात तेच केलं: सुरकुत्या पुसल्या, रंग उजळ केला. दुसऱ्या रविवारी चित्र पुढ्यात ठेवलं. आजींनी बराच वेळ पाहिलं.

"ही कोण बाई?"

"आई, तूच की," सहकारी ओशाळून म्हणाले.

"लई गोरी हाय. हिनं कवा काम केल्यागत दिसत न्हाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण बोलणं खरं होतं, आणि माझी मान खाली गेली. पुन्हा काढतो म्हणालो.

"काढा की. पर मला रिकामं बसाया जमत न्हाय."

"मग काम करत बसा," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला त्या जमिनीवर बसल्या, अर्धवट शिवलेली वाकळ मांडीवर घेऊन. टाके घालता घालता वखारीतलं सांगत राहिल्या. तंबाखूची धूळ नाकात जाऊ नये म्हणून बाया तोंडाला फडकं बांधायच्या, आणि त्यातूनही एकमेकींची थट्टा चालायची. ते सांगताना हसून त्यांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडत. मी घाईघाईनं तेवढ्याच रंगवून घेतल्या.

चेहरा झाला. हातांकडे वळलो तशी त्यांनी सुई खाली ठेवली.

"हात नगो. तंबाखूनं पिवळं पडल्यात."

 सहकारी दारात उभे होते.

"काढू दे गं आई," ते म्हणाले. "त्या हातांनीच मला शाळेत घातलंस."

 आजींनी पुन्हा सुई उचलली.

आणखी दोन रविवार गेले. चित्र पुरं झालं तेव्हा त्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या. नखांचा पिवळेपणा मी होता तसाच ठेवला होता. तिथे त्यांची नजर थांबली.

"व्हय. ही मीच."

मग स्वयंपाकघराकडे बघून त्यांनी सुनेला हाक मारली. "ये गं हिकडं. सायेब, आता हिचं काढा. ही बी दिवसभर राबती."

सून लाजत बाहेर आली. तिच्या कडेवर सहा महिन्यांची मुलगी होती. बस म्हटल्यावर ती बसली, पण मुलगी काही स्थिर राहीना. तिनं माझ्या रंगाच्या नळीला हात घातला आणि आजी पोट धरून हसल्या. मी नवा कागद ताणून लावला.

निपाणीहून पुढची बदली होईपर्यंत त्या गल्लीतली वीसेक माणसं माझ्यासमोर बसली. प्रत्येक जण आपलं काही ना काही काम घेऊनच यायचा.