उभ्यानं ऐकू येत नाही

माझी जीप ठकठक वाजते, हे मला सोडून साऱ्या तांड्याला माहीत होतं. मी मात्र त्या दिवसांत भेटेल त्याला सांगत होतो, की ऑईल बदलल्यापासून गाडी कशी लोण्यावाणी चालते. मुकुटबनच्या बाजाराला निघालेल्या बाया मागं बसून एकमेकींकडे पाहायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. शेवटी एका म्हाताऱ्या बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, कानाशी तोंड आणलं आणि ओरडून म्हणाले, "भाऊ, गाडी कुथून राह्यली, तुले ऐकू नाही येत काय?" मी जीप बाजूला घेतली. बंद केली, चालू केली, मागं घेतली, पुढं घेतली. मागचे सगळे माना हलवून सांगत होते, की हे पाहा, आता वाजली, पुन्हा वाजली. मला काहीच नाही. गाडी सुधारली नव्हती. माझे कान चालले होते.

ज्या माणसानं सारी उमर कानावर काढली, त्याला हे कसं वाटलं असेल ते सांगता येत नाही. आमच्या झरी भागात कितीतरी तांडे आणि कोलामांच्या वस्त्या, म्हणजे पोड, असे आहेत, की पावसाळ्यात तिथं फक्त चारही चाकं ओढणारी गाडीच जाते. नाल्यातून, दगडातून, चिखलातून मी माणसं आणली-नेली. बाळंतिणी नेल्या, नवरदेव नेले. गाडीचं दुखणं मला आवाजावरून कळायचं. गिअर टाकताना टक वाजलं तर दांड्याचा क्रॉस गेला. खड्ड्यात वाजलं तर पाट्याच्या टोकाची बुश खाल्ली. वळणावर कटकट आली तर पुढचा एक्सल. दुसऱ्याची गाडी रस्त्यानं गेली, तरी मी ओट्यावरून सांगायचो की हिचं काय बिघडलंय. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

यवतमाळच्या डॉक्टरांनी नीट तपासलं आणि समजावून सांगितलं. कानाच्या आतलं बारीकसं हाड ताठ झालं आहे, आवाज आत पोचत नाही. ऑपरेशन करता येईल, नाहीतर मशीन लावा. डॉक्टर भला माणूस होता, कागदावर चित्र काढून दाखवत होता. मी हो हो केलं आणि घरी आलो. मशीन लावलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसेल, असं माझ्या डोक्यात होतं. बायको म्हणाली, "बसणारे आताच उतरून राह्यले, तुमाले दिसत नाही काय?"

पण गाडीची आणि धंद्याची चिंता वरवरची होती. आतली गोष्ट वेगळीच होती, ती मी कोणाला सांगितली नाही. आमच्या ज्योतीचं लग्न ठरलं होतं. कापूस वेचून झाला की बार उडवायचा होता. आम्हा गोर बंजारा लोकांत नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. ते रडणंही असतं आणि गाणंही. आईला काय म्हणायचं, भावाला काय, बापाला काय, हे तिचं तीच जुळवते. हल्ली पोरी लाजतात, डीजेत सारं बुडून जातं. पण ज्योतीला माझ्या याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, लहानपणी ढावलो शिकवला होता. याडी गेली तेव्हाच पोरीनं ठरवलं होतं, की मी माझ्या लग्नात ढावलो म्हणणारच. मला तेवढाच ऐकायचा होता. बाकी जग मुकं झालं तरी चाललं असतं.

तिचा आवाज मी वर्षभर धड ऐकला नव्हता. लहान असताना ती नाल्यापलीकडून माझ्या गाडीचा आवाज ओळखायची, "बा आला, बा आला" करत पळत यायची. मोठी झाली तशी पळायची नाही, पण आवाज आला की चुलीवर चहा ठेवायची. मी दारात पाय धुवून होईस्तोवर कप हातात. आता ती भाकरी थापताना काहीतरी गुणगुणायची आणि मी ओसरीत बसून तिचे ओठ पाहायचो. ओठ हलतात, मान डुलते, आणि मला काहीच येत नाही. उठून बाहेर जायचो. देव्हाऱ्यातल्या जगदंबेशी मी त्या दिवसांत भांडलो सुद्धा. म्हटलं, याडी, मला कान परत नको देऊ. एक दिवसाचे दे. एका घडीचे दे.

मध्यंतरी जीप वणीला मिस्त्रीकडे नेली. त्यानं खाली जाऊन सारं पाहिलं, बुश बदलल्या, डांबरी रस्त्यावर चक्कर मारून आला आणि अंगठा दाखवला. तांड्यावर आलो, माणसं भरली, दगडी उतार लागला, की मागच्या बाया पुन्हा माना हलवायला लागल्या. आवाज भरल्या गाडीत आणि खराब रस्त्यावरच यायचा. रिकामी गाडी साळसूद व्हायची. पुढं पुढं लोक सडकेपर्यंत पायी जायला लागले. त्यांचं काय चुकलं? मीही गेलो असतो.

नवरात्र आलं. आमच्याकडे एका टेकडीवर जगदंबेचं ठाणं आहे. वर रस्ता नाही, नाल्याचं पात्र आणि दगडांची चढण आहे. म्हाताऱ्या बायांना वर न्यायचं तर माझीच जीप. मी नाही म्हणणार होतो. पण बायको म्हणाली, की इतक्या वर्षांची देवीची वाट मोडू नका. ज्योतीनं त्यावर एक शक्कल काढली. ती माझ्या बाजूला बसली आणि म्हणाली, मी तुझे कान होईन. गाडी वाजली, की ती माझ्या गुडघ्यावर बोटानं टकटक करायची. सपाटीवर एकदा, नाल्यात दोनदा. चढणीला लागलो तेव्हा तिचं बोट थांबेचना. मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर पाहत होती, पण चेहरा उतरला होता. कसंबसं वर पोचलो.

आरती सुरू झाली. सगळे टाळ्या वाजवत होते, तोंडं उघडी, डोळे मिटलेले. दगडी ओट्यावर मोठा नगारा ठेवलेला, एक माणूस घामाघूम होऊन तो बडवत होता. टिपऱ्या खाली येताना मला दिसत होत्या. कानात मात्र कुठंतरी लांब कोणी पोतं आपटावं इतकंच. मी हात जोडून उभा होतो आणि डोळ्यांना धार लागली. भक्तीची नव्हती ती. आईच्या दारात येऊनही आपण बाहेरच राहिलो, याचं वाईट वाटत होतं.

नगाऱ्याच्या ओट्यापाशी एक म्हातारी बसली होती. आमच्या भागातली नव्हती, ओळखीची नव्हती. तिनं डोकं ओट्याच्या दगडावर टेकवलेलं, मला वाटलं चक्कर आली असावी, नाहीतर झोपली असेल. मी पाणी विचारायला खाली वाकलो, तर तिनं माझं मनगट धरलं. ताकद होती हातात. काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. मी गुडघ्यावर बसलो. तिनं माझ्या मानेवर हात ठेवला आणि माझं कपाळ सरळ दगडाला टेकवलं.

आणि नगारा वाजला. कानात नाही, कपाळात वाजला, दातांत वाजला, मागं मणक्यापर्यंत गेला. एकेक टिपरी वेगळी ऐकू येत होती. मध्येच कोणीतरी घंटा ओढली, तिचा बारीक नादही आला. मी हललो नाही. ओठ दगडाला लागले होते, धूळ तोंडात जात होती, तरी उठलो नाही. आरती संपली तरी तसाच पडून होतो. लोकांना वाटलं माझ्या अंगात आलं. एकीनं मळवट भरला. एक जण तर पायाही पडला, त्याला नाही कसं म्हणू? उठून पाहिलं तेव्हा म्हातारी तिथं नव्हती. ज्योती मागंच उभी होती. म्हातारी काय म्हणाली, असं मी पोरीला विचारलं. ज्योतीनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "ते म्हणे, उभ्यानं ऐकू येत नाही बाबू, डोकं टेक."

मी बाहेर आलो, जीपकडे पाहिलं आणि मनात आलं, दगडातून आवाज येतो तर लोखंडातून का येणार नाही? चाक खोलायचा लांब रॉड असतो, आम्ही त्याला टामी म्हणतो. पूर्वी मी तो कानाला लावून इंजिन ऐकायचो, आणि कान गेल्यावर तसाच लावून पाहिला होता. कपाळाला लावायचं कधी सुचलं नव्हतं. चार-पाच बायांना हातापाया पडून मागं बसवलं, प्रसादाची गंज-पातेली आणि धान्याची पोती ठेवली, म्हणजे गाडी भरलेली राहील. ज्योतीला स्टिअरिंगवर बसवलं, गाडी तिला मीच शिकवली होती. देवळासमोरच्या सपाट जागेत एका दगडावरून तिनं जीप हळूहळू पुढं-मागं करायची आणि मी मागं बसून टामीचं एक टोक पत्र्यावर, दुसऱ्यावर दुपट्ट्याची घडी ठेवून कपाळ. बाया म्हणाल्या, आज याचं देवीनं पुरतं डोकं फिरवलं.

उजवीकडे टेकवलं, तिथं नुसती घरघर. मधे टेकवलं, तिथंही काही नाही. डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या वर टेकवलं आणि ज्योतीनं गाडी मागं घेतली, तशी एक ठोकर कपाळात बसली. पुढं घेतली, पुन्हा बसली. इतक्या महिन्यांनी माझ्या गाडीचा आवाज मला भेटला होता. मी तसाच खाली शिरलो. स्प्रिंगचे पाटे एकमेकांना धरून ठेवायला मधून एक बोल्ट असतो, तो पाट्यांच्या आत लपलेला असतो, वरून दिसत नाही. तो तुटला होता. भरल्या गाडीत दगडावर चढताना मागचा एक्सल जागेवरून सरकत होता आणि परत येत होता. त्या उतारावर बाया भरून मी खाली निघालो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरा करत नाही. सगळ्यांना पायी उतरवलं. क्लॅम्प आवळून, साखळी बांधून रिकामी जीप हळूहळू खाली आणली. बोल्टाचा तुटका तुकडा आमच्या देव्हाऱ्यात आहे. बायको म्हणते, भंगार कायले पुजता. पण रोज त्याच्यावरही फूल ठेवते.

यात चमत्कार काय, असं कोणी विचारलं तर मी वाद घालत नाही. हाडातून आवाज जातो, हे डॉक्टरांनी चित्र काढून मला आधीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं. त्यांच्याकडे पुन्हा गेलो, निमूटपणे मशीन घेतली. मशीन लावलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत लोक बसतात. चिडवतात, पण बसतात.

लग्नाच्या दिवशी मशीन लावूनच फिरत होतो. पण पाठवणीची वेळ आली तेव्हा डीजे, फटाके, बायांचं रडणं, सारं एका घमेल्यात कालवल्यासारखं झालं. ज्योती आईच्या गळ्यात पडली, मग भावाच्या. तिचे ओठ हलताना मी पाहत होतो, तसेच जसे वर्षभर पाहिले. हाती काही लागत नव्हतं. माझी पाळी आली. मी ताठ उभा होतो. इतकं मागून, इतकं होऊन, शेवटी देवीनं माझी ओंजळ रिकामीच ठेवली असं मनात आलं, आणि मी मनातच म्हटलं, याडी, तुझी मर्जी.

ज्योतीनं माझ्या कानातली मशीन काढली आणि माझ्या खिशात टाकली. दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं, खाली ओढलं आणि तिचं कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं.

मग मला माझ्या पोरीचा आवाज ऐकू आला. पुरता, कापरा, जसा लहानपणी होता तसा, माझ्या डोक्याच्या आत. ती आमच्या बोलीत ढावलो म्हणत होती. मराठीत सांगायचं तर ती म्हणत होती, "बा, नाल्यापलीकडून तुझी गाडी वाजली की मी चहा ठेवत होते. आता मी कोणत्या आवाजावर उठू? आता तू कोणासाठी गाडी वाजवशील, बा?" मी रडलो. सगळ्यांसमोर, मोठ्यानं रडलो, आणि माझं रडणंही मला ऐकू आलं.

त्या म्हातारीला मी पुढच्या नवरात्रात शोधलं, भेटली नाही. कोणी म्हणालं पैनगंगेपलीकडून येते, कोणी म्हणालं अशी कोणी नाहीच. मी नगाऱ्याच्या ओट्याला कपाळ टेकवून आलो. मी आईला कान मागितले होते. तिनं मला वाकायला लावलं आणि वाकल्यावर जे द्यायचं ते दिलं. ती हाक नेहमीच देत असेल, माणूसच ताठ उभा राहतो, इतकं मला कळलं. त्याहून जास्त मला काही समजतं असं नाही.

जीप आता वाजत नाही. संध्याकाळी परत येताना नाल्यापलीकडे मी थोडा थांबतो, इंजिन चालू ठेवतो आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवतो. गाडीचा सूर आत येतो. पोर तिकडे तिच्या घरी चूल पेटवत असेल. मग नाला ओलांडून घरी जातो. चहा आता बायको ठेवते, मी दारात दिसल्यावर.